मथळ्यात माणूस नाही, नुसती भाषा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र वाचलं. सीमाभागातली भाषेची अस्मिता हा मानसिक आजार आहे, पोरांच्या हाताला काम मिळालं की तो आपोआप बरा होईल, आणि तोवर पुढाऱ्यांनी पोरांची डोकी भडकवू नयेत, असा त्याचा सारांश. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं. पण त्यातलं एकही विधान मला धड पटलं नाही, आणि न पटण्याचं कारण जितकं पुस्तकातलं आहे तितकंच आमच्या दुकानातलं आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

आमचं बेळगावच्या वडगावात शिवणकामाचं आणि टी-शर्ट छापायचं दुकान आहे. घरचे मशीनवर बसतात, मी काउंटर आणि हीट प्रेस सांभाळते. गणपतीच्या आधी मंडळांचे टी-शर्ट, शिवजयंतीला (आमच्याकडं ती वैशाखात, चित्ररथांसकट) झांजपथकांचे झब्बे आणि फेटे, भातं निघाली की टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा. डॉट निटचं कापड, पाठीवर नंबर, छातीवर संघाचं नाव, बाहीवर प्रायोजकाचं; तो बहुतेक वेळा सिमेंटचा व्यापारी नाहीतर निवडणुकीला उभं राहू बघणारा कुणीतरी. बी.ए.ला मी मानसशास्त्र घेतलं होतं. त्याचा काय उपयोग झाला असं कुणी विचारलं तर मी सांगते, गिऱ्हाईक कळतं. आता थोरली मुलगी धारवाडला त्याच विषयात एम.ए. करते, सुट्टीला येताना पुस्तकं घेऊन येते, त्यामुळं जुनं वाचलेलं परत वर आलं.

हल्ली गल्लोगल्ली लिलावाच्या स्पर्धा निघाल्यात. आयपीएलची नक्कल. पोरं गल्लीतलीच, त्यांचा खोटा-खोटा लिलाव करायचा नाहीतर सरळ चिठ्ठ्या उचलायच्या आणि सहा संघ पाडायचे. कालपर्यंत एका कट्ट्यावर बसून एकाच पुडीतले शेंगदाणे खाणारे दोघं चिठ्ठीनं एक निळ्यात जातो, एक हिरव्यात. कपडे न्यायला येतात ते मात्र एकाच मोटारसायकलवरून. टी-शर्ट अंगावर चढवतात, आरशात बघतात, आणि तिथंच काउंटरपुढं सुरू होतं. ‘काकी, त्यांचं कापड जाड दिसतंय की. आमचं पातळ कसं?’ तागा दोघांचा एकच असतो, पांढरा, रंग छपाईत चढतो. मी तागा काढून दाखवते. तरी बोटांनी चाचपून बघतात आणि मान हलवतात.

यात कुठला पुढारी आला? कुणी भडकवलं? चिठ्ठी उचलून आठवडा झालेला नसतो.

हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला नेमकं हेच करून बघितलं होतं. त्याचे प्रयोग 1971 साली प्रसिद्ध झाले. 14-15 वर्षांची शाळकरी मुलं. त्यांना पॉल क्ली आणि वासिली कांडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, कुठली आवडली ते विचारलं, आणि सांगितलं की तू क्लीच्या गटात, तू कांडिन्स्कीच्या. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच केलेली होती, आवडीनिवडीचा संबंध नव्हता. मग एकेकाला वेगळं बसवून दुसऱ्या दोन मुलांमध्ये पैसे वाटायला लावलं. स्वतःला काही घ्यायची सोय नाही. ज्यांना द्यायचे त्यांचं नावही कळू दिलं नाही. अमुक नंबर, तमुक गट, एवढंच. जुनं भांडण नाही, पुढं कसली स्पर्धा नाही, आपल्या गटात कोण-कोण आहे हेसुद्धा ठाऊक नाही. तरी मुलं आपल्या गटाच्या नंबराला झुकतं माप देत होती. ताजफेलचा मूळ बेत असा होता की आधी असा पोकळ गट करायचा ज्यात पक्षपात होणारच नाही, मग त्यात एकेक गोष्ट घालत जायची आणि पक्षपात कुठं सुरू होतो ते बघायचं. तो पहिल्याच पायरीवर सुरू झाला.

याहून मला जास्त खटकलेली गोष्ट पुढची आहे. एका तक्त्यात पर्याय असे होते: आपल्या गटाच्याला 19 आणि समोरच्याला 25, दोघांना 13-13, किंवा आपल्या गटाच्याला 7 आणि समोरच्याला 1. अधल्यामधल्या जोड्याही होत्या. आपल्या माणसाचं भलंच करायचं तर सरळ 19 द्यावेत, समोरच्याला 25 मिळेनात का. पण मुलांचा ओढा त्या टोकाला नव्हता. समान वाटणीकडंही होता, मुलं काही राक्षस नव्हती. पण आपलं थोडं बुडालं तरी चालेल, समोरच्याच्या वर राहिलं पाहिजे, ही ओढ स्पष्ट दिसली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या दोन शेजारच्या गल्ल्यांतली मंडळं आठवली. एका मंडळानं बाहीवर पट्टी मारून टी-शर्ट घेतले. दुसऱ्यांना कळलं. त्यांचं बजेट ठरलेलं, मी सांगितलं पट्टी आणि पायपिंग दोन्ही करायचं तर कापड हलकं घ्यावं लागेल. ‘घ्या हलकं. पण त्यांच्याहून एक काम जास्त दिसलं पाहिजे.’ विसर्जनाच्या मिरवणुकीत पाऊस आला आणि ते हलकं कापड अंगाला चिकटून पार वाट लागली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पायपिंग होतं ना!

आता ‘आजार’ या शब्दाकडं येते. ज्याला आजार म्हणायचं तो कुणाला तरी होतो आणि कुणाला तरी होत नाही. हे सगळ्यांना होतं. ताजफेल आणि त्याचा विद्यार्थी जॉन टर्नर या दोघांनी 1979 मध्ये मांडलं की माणसाला स्वतःबद्दल जे बरं वाटतं त्यातला काही भाग आपल्या गटाकडून येतो. म्हणून आपला गट वर दिसावा असं त्याला मनापासून वाटतं. याची आमच्या धंद्यातली खूण सांगते. फायनल जिंकलेल्या संघाचे टी-शर्ट दुसऱ्या दिवशी परत छापायला येतात, कारण जे खेळलेही नव्हते त्यांना पण हवे असतात. हरलेल्या संघाची उधारी मात्र वसूल होता होत नाही. अमेरिकेत 1976 साली रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांत हेच मोजलं होतं. फुटबॉलचा सामना जिंकल्यावर येणाऱ्या सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढायची. तिथं बेकारी होती म्हणून नव्हे. आमच्याकडंही बेंगळुरूला लठ्ठ पगारावर असलेली पोरं शिवजयंतीला सुट्टी काढून येतात आणि सगळ्यात भारी कापडाची ऑर्डर त्यांचीच असते. तेव्हा नोकरी द्या, जरूर द्या, उद्यमबागेतल्या कारखान्यांना माणसं हवीच असतात. पण नोकरी लागली म्हणून कोणी आपली भाषा विसरत नाही, आणि विसरावी तरी का?

पत्रलेखकांच्या ‘आजार’ या शब्दाला माझी आणखी एक हरकत आहे. त्यात आमचं साधं गाऱ्हाणंसुद्धा वेडात निघतं. 1956 च्या पुनर्रचनेत आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलो. त्याच साली सातव्या घटनादुरुस्तीनं 350 अ आणि 350 ब ही कलमं आली: अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तजवीज आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा अधिकारी. ज्या तालुक्यात अल्पसंख्याकांची भाषा बोलणारे 15 टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हेही मान्य झालेलं आहे. कन्नडमधला सातबाराचा उतारा हातात घेऊन कुणाकडून वाचून घ्यावा म्हणून उन्हात उभा असलेला येळ्ळूरचा म्हातारा गटाच्या मानसशास्त्राचा बळी नाही, त्याला त्याचा कागद वाचता यायला हवा एवढंच. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यावर मी इथं बोलत नाही. आपल्या भाषेची ओढ आणि दुसऱ्या भाषेचा दुस्वास हे एकाच गाडीला जुंपलेले बैल आहेत असं समजून दोन्हींना एकाच काठीनं हाणू नये, इतकंच म्हणणं आहे. मॅरिलिन ब्रूअर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर बरंच लिहिलंय: आपल्या माणसांबद्दल जिव्हाळा वाटला म्हणून परक्याबद्दल वैर वाटतंच असं नाही.

मग कुठल्या वेळी वाटतं? माझं पत्र खरं म्हणजे इथून पुढं आहे.

माझा पुतण्या पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो. त्याच्या खोलीत गोकाकचा मुलगा आहे, घरची भाषा कन्नड. दोघं बेळगावात एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात होते आणि चार वर्षांत एकमेकांशी बोलले नव्हते. हा मराठी पोरांच्या घोळक्यात, तो कन्नड पोरांच्या, आणि कॅन्टीनमध्येही टेबलं ठरलेली. पुण्यात गेल्यावर ऑफिसातल्यांनी पहिल्याच दिवशी पुतण्याला विचारलं, ‘तुम्ही कर्नाटकातले ना? तरीच बोलण्यात हेल आहे.’ इथं रोज मराठी म्हणून मिरवणारा पोरगा तिथं जाऊन कानडी झाला! गोकाकच्या पोराचं तर विचारूच नका. महिनाभरात दोघांनी मिळून खोली घेतली. आता दिवाळीला एकाच गाडीनं येतात, जाताना हा कुंदा नेतो, तो करदंट आणतो, आणि पुण्याच्या मिसळीला दोघं मिळून नावं ठेवतात. टर्नरनं पुढं हाच धागा वाढवला. माणसाजवळ ओळखी पुष्कळ असतात. त्यातली कुठली कधी जागी होईल, हे समोर तुलनेला काय आणून ठेवलंय त्यावर ठरतं.

हलगा-मच्छे बायपासला तिबार पिकाची जमीन जाणार म्हणून आमच्याकडचे शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हा कर्नाटकातल्या रयत संघटनेची हिरवी शाल खांद्यावर घेतलेले मराठी शेतकरी मी डोळ्यांनी बघितलेत. समोर जेसीबी होता. तिथं शेतकरी ही ओळख जागी झाली, त्यासाठी कुणी आपलं मराठीपण घरी ठेवून आलं नव्हतं.

ऑक्टोबर संपता संपता आमच्या दुकानात एक गंमत असते. 1 नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा मराठी लोकांचा काळा दिन, दुसऱ्या बाजूला कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव. मूक सायकल फेरीसाठी काळे टी-शर्ट आणि चन्नम्मा सर्कलच्या मिरवणुकीसाठी लाल-पिवळ्या शाली, दोन्हींची गडबड एकाच आठवड्यात. आम्ही दोन्ही करतो, पोट आहे. एकदा संध्याकाळी दोन्हीकडची पोरं एकाच वेळी गठ्ठे न्यायला आली. प्रेस तापत होता, काळ्यांचे शेवटचे काही नग राहिले होते, म्हणून सगळ्यांना बसायला सांगितलं. दोन्ही घोळके दोन भिंतींना टेकून मोबाइलमध्ये तोंड घालून बसले. दुकानात इतकी शांतता की ओव्हरलॉक मशीनचा आवाज मोठा वाटायला लागला. मग लाल-पिवळ्यातल्या एकानं वर बघितलं आणि काळ्यातल्या एकाला विचारलं, ‘तू पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचा की? तुझा एम-थ्री निघाला काय?’ तो म्हणाला, ‘कुठला निघतोय, परत राहिला.’ ‘माझा पण.’ त्यावरून गणिताचा तो पेपर कोण काढतं, रिचेकिंगला पैसे भरले तर उपयोग होतो का, क्लास कुणाचा लावावा, असं मराठी-कन्नड-इंग्रजी भेसळीत बराच वेळ चाललं. गठ्ठे बांधून होईपर्यंत निम्मी पोरं त्यात पडली होती. एकमेकांचे नंबर घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या मिरवणुकीत गेला असणार, जावं की.

आता याच्या उलट. गेल्या पावसाळ्यात गोवावेसला दोन रिक्षावाल्यांची भाड्यावरून जुंपली. गिऱ्हाइकानं आधी हात कुणाला केला, एवढाच वाद. एकाच स्टँडवर वर्षानुवर्षं रिक्षा लावणारे दोघं, एक मराठी बोलणारा, एक कन्नड, आणि भांडण दोन्ही भाषांत, कारण शिव्या दोघांनाही दोन्हीतल्या येतात. एकाच्या रिक्षाची काच फुटली, दुसऱ्याच्या कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिवशी एका मराठी दैनिकात मथळा: मराठी रिक्षाचालकास मारहाण. एका कन्नड दैनिकात तोच प्रकार उलटा. (मराठी दैनिक आपलं होतं असं मी म्हणत नाही. नव्हतं असंही म्हणत नाही.) संध्याकाळपर्यंत मथळ्याचे फोटो मोबाइलवर फिरले आणि आमच्या काउंटरला टेकून बसणारी पोरं तावातावानं बोलायला लागली. त्यांतल्या एकानंही त्या दोघांचं तोंड कधी बघितलं नव्हतं. तिकडं चौकीत त्या दोघांचं मिटलं सुद्धा, काचेचे पैसे अर्धे-अर्धे या बोलीवर. मिटल्याची बातमी कुठंच आली नाही.

संपादक महाशय, ब्रिस्टलच्या मुलांना दिलेला कागद आठवा. नाव नाही, चेहरा नाही, गाव नाही. नंबर आणि गट. ती मुलं एकाच शाळेतली होती, एकमेकांना चांगली ओळखत होती. नावं दिली असती तर कुणी म्हणालं असतं, हा माझा शेजारचा, हा डबा वाटून खाणारा. नावं झाकली म्हणून गट तेवढा उरला. ‘मराठी रिक्षाचालकास मारहाण’ हा मथळा हुबेहूब तसलाच कागद आहे. त्यात माणूस नाही, भाड्याचा वाद नाही, काच नाही. एक गट आणि दुसरा गट. आणि वाचणाऱ्यानं कुणाच्या बाजूला 7 टाकायचे आणि कुणाच्या बाजूला 1, हे ठरवायला दुसरं काहीच शिल्लक ठेवलेलं नाही.

ओळख आधी की शिक्का आधी, यानं किती फरक पडतो हे मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाच्या दोन शिबिरांत दिसतं. 1954 चं ओक्लाहोमातलं शिबिर गाजलं. एकमेकांना न ओळखणारी 22 मुलं, 11-12 वर्षांची, सुरुवातीपासून दोन वेगळ्या तुकड्यांत ठेवली, मग सामने लावले, बक्षिसं ठेवली. मुलांची एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. शेवटी दोघांचंही पाणी बंद पडलं, जेवण आणायला जाणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा रस्सीखेचीच्या दोरानंच दोन्ही तुकड्यांनी मिळून तो ओढला. परतताना बहुतेकांनी एकाच बसमधून जायला होकार दिला. पण त्याच्या आधल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात त्यानं घेतलेल्या शिबिराबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिथं मुलांची आधी मैत्री होऊ दिली होती आणि मग तुकड्या पाडल्या. मोठ्यांनी गुपचूप वस्तू लंपास करून, तंबू पाडून आग लावायचा प्रयत्न केला. मुलं भांडलीच नाहीत. उलट हे सगळं मोठी माणसंच करतायत, असा संशय त्यांना आला, आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला. मुलीनं हे मला वाचून दाखवलं तेव्हा मी खूप हसले.

कुणी म्हणेल, मग भाषेवरून झालेली मारहाण पण झाका. अजिबात नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बस कंडक्टरला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणावरून दोन्ही राज्यांच्या बस बंद झाल्या तेव्हा मला चंदगडला माहेरी जायला शिनोळीपर्यंत रिक्षानं जाऊन तिथून महाराष्ट्राची गाडी धरावी लागली. तेव्हा भाषेचा वाद गावभर होता, आणि तो तसाच छापला पाहिजे. मराठी फलकाला काळं फासलं, मराठीत अर्ज दिला म्हणून कुणाला ऑफिसातून हाकललं, तर मोठ्या टायपात छापा, कुठल्या ऑफिसात, कुणी, कधी, सगळ्यासकट. तिथं भाषा हीच बातमी आहे.

माझी विनंती उरलेल्या भांडणांबद्दल आहे: पार्किंगची, नळाची, बांधाची, भाड्याची, बाजारातल्या हातगाड्यांची. मथळा घालणाऱ्या उपसंपादकांनी बातमीदाराला एकच विचारावं, भांडण भाषेवरून झालं काय? झालं नसेल तर ‘गोवावेसला भाड्यावरून दोन रिक्षाचालकांत मारामारी’ एवढा मथळा पुरे. तो एका कॉलमात बसतो. आणि असं भांडण मिटलं तर ती बातमी पण द्यावी. जागेची अडचण असेल हे समजतं, पण वाढदिवसाच्या शुभेच्छांची जी अर्धी-अर्धी पानं असतात त्यांच्या खाली दोन ओळी सहज मावतील. तिथल्या फोटोंतले निम्मे फेटे आमच्याच दुकानातले असतात, तेव्हा आमची त्याला हरकत नाही.

आपली,
एक वाचक,
वडगाव, बेळगाव